तीन बहिणी आणि ग्वाल्हेरची ‘लॉयल्टी’

दर वर्षी ५ एप्रिल आला की आपल्या लश्करातल्या मराठी मंडळींच्या मोबाईलवर एक जुना फोटो फिरू लागतो. पांढरीशुभ्र आगबोट, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, पुढे निमुळती होत गेलेली सुरेख नाळ. खाली ओळ असते, ‘आपल्या महाराजांची लॉयल्टी’. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच दिवशी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. त्या आठवणीसाठी १९६४ पासून हा दिवस पाळतात. ग्वाल्हेर समुद्रापासून शेकडो कोस लांब, पण या दिवसाशी आपला संबंध थेट आहे. म्हणून फोटो फिरतो, आणि फिरावाच.

मागे मंडळाच्या बैठकीत हा फोटो पडद्यावर मोठा करून बघितला. नाळेजवळची अक्षरं लागली. ती ‘एम्प्रेस ऑफ जपान’ अशी होती. म्हणजे ज्या बोटीकडे बघून आपण मान ताठ करत होतो ती आपली नव्हतीच, तिची बहीण होती. एक काका म्हणाले, “अहो, पण बोट तर तीच की! एका साच्यातल्या दोन. काय फरक पडतो?” त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी नुकत्याच क्रूझवर जाऊन आल्या होत्या. त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, “आमच्या कंपनीच्या सगळ्या बोटी अशाच एकसारख्या. गेल्या वेळी दुसऱ्या बोटीवर होतो, आता आठवायला बसलं तर कुठली गोष्ट कुठल्या बोटीवर झाली ते सांगता येत नाही.” काकांचं म्हणणं, मग बरंच की, जिना शोधायला नको. वाद बराच रंगला. एका ताफ्यातल्या बोटी एकसारख्या असाव्यात की प्रत्येकीचा चेहरा वेगळा असावा? हा निबंध त्या वादातून निघाला. प्रश्न आजच्या क्रूझचा वाटला तरी त्याचं उत्तर शोधायला आपल्या लॉयल्टीइतकं चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

तीन बोटी एकाच आराखड्याच्या का?

एकाच आराखड्यावर बांधलेल्या बोटींना बहिणी म्हणायची पद्धत आहे. मराठीत बोट स्त्रीलिंगीच, त्यामुळे आपल्याला हा शब्द सहज बसतो. लॉयल्टीचं माहेरचं नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. तिच्या दोन बहिणी ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’. तिघी इंग्लंडमधल्या बॅरो इथे बांधल्या गेल्या आणि तिघी १८९१ सालीच कामाला लागल्या. मालक कॅनेडियन पॅसिफिक, म्हणजे कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वे नेणारी कंपनी. रेल्वे व्हँकुव्हरच्या बाजूला समुद्रापाशी संपत होती, पण कंपनीला तिथे थांबायचं नव्हतं. पुढे जपान आणि चीनपर्यंत टपाल आणि प्रवासी न्यायचे होते. त्यासाठी टपालाचा करार झाला आणि वर्षाला साठ हजार पौंडांचं अनुदान ठरलं.

आता बघा, एकसारखेपणाचं मूळ या करारात आहे. टपालाच्या करारात ठरलेल्या दिवशी बोट निघालीच पाहिजे आणि ठरलेल्या दिवसांत पोचलीच पाहिजे. व्हँकुव्हर, योकोहामा, शांघाय, हाँगकाँग, आणि परत. माल उतरवणं, कोळसा भरणं, डागडुजी धरून एका बोटीचे दोन महिने सहज जात. महिन्याला एक बोट सोडायची तर दोन अपुऱ्या पडतात, तिसरी लागतेच. आणि त्या तिघींतली एक जरी मंद असली तरी सगळं वेळापत्रक तिच्या चालीने चालणार. म्हणून तिघी साधारण ५,९०० टनांच्या, तिघींचा वेग १६ नॉट्स, म्हणजे ताशी जवळपास तीस किलोमीटर. तिघींवर पहिल्या वर्गाचे १२०, दुसऱ्याचे ५० आणि खालच्या दर्जाचे ६०० प्रवासी अशीच व्यवस्था.

याचे बाकीचे फायदे ओघाने येतात. आराखडा एकदाच काढायचा. इंजिनाचा एखादा भाग मोडला तर बहिणीसाठी ठेवलेला चालतो. एका बोटीवरचा खलाशी किंवा वाढपी दुसरीवर पाठवला तर पहिल्या दिवसापासून त्याला भांड्यांची खोली कुठे, जिना कुठे, सगळं माहीत. प्रवाशाचंही तसंच. तो तारीख बघून तिकीट काढतो. त्या तारखेला कुठली एम्प्रेस निघणार याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. आपण ग्वाल्हेरहून दिल्लीला जाताना गाडीची वेळ बघतो, डब्याचा क्रमांक आठवणीत ठेवत नाही, तसंच हे.

काकांची बाजू म्हणून इथे भक्कम आहे. ठरावीक मार्गावर ठरावीक वेळी चालणाऱ्या बोटींसाठी एकसारखेपणा ही गरज आहे. तो कंटाळवाणेपणा म्हणता येत नाही.

पण पहिली सफर क्रूझसारखीच

गंमत अशी की याच एम्प्रेस ऑफ इंडियाची पहिली सफर मात्र नेमाची नव्हती. बांधली इंग्लंडात, काम करायचं पॅसिफिकमध्ये, तेव्हा तिला तिकडे न्यायलाच हवं होतं. रिकामी कशाला न्या? ८ फेब्रुवारी १८९१ ला ती लिव्हरपूलहून निघाली. भूमध्य समुद्र, सुएझ, मग पूर्वेकडची बंदरं करत हाँगकाँग आणि जपानमार्गे २८ एप्रिलला व्हँकुव्हरला लागली. पुढे रेल्वेने कॅनडा ओलांडायचा आणि अटलांटिकच्या बोटीने घरी परतायचं. केवळ जग बघायला म्हणून निघालेले प्रवासी तिच्यावर होते.

त्याच हिवाळ्यात, अवघ्या अडीच आठवड्यांपूर्वी, २२ जानेवारी १८९१ ला आल्बर्ट बालिन या जर्मन कंपनीप्रमुखाने ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या सहलीला काढली होती. थंडीत अटलांटिकवर प्रवासी कमी, बोट नुसती उभी ठेवण्यापेक्षा सहल काढू, हा त्याचा हिशेब. २४१ प्रवासी आणि जवळपास दोन महिन्यांची सहल. आजच्या क्रूझ धंद्याचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण या सहलीपासून सुरुवात करतात. बालिनला यात इतका जम दिसला की १९०० साली त्याने केवळ सहलीसाठी एक बोट बांधून घेतली, ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’. एखाद्या श्रीमंताच्या खासगी नौकेसारखी, पाचपन्नास बंदरांच्या बोटींत उठून दिसणारी. कारण सहलीचा प्रवासी कुठे पोचण्यासाठी बोटीवर चढत नाही. तो बोटीसाठीच चढतो. जिच्यासाठी पैसे मोजले ती दुसऱ्या चार जणींसारखी निघाली तर तो दुसऱ्यांदा का येईल? वहिनींचा मुद्दा हाच होता, फक्त सव्वाशे वर्षांनंतरचा.

एक साचा, तीन नशिबं

तिघी बहिणी जन्मल्या सारख्या, पण वाट्याला वेगळं आलं. एम्प्रेस ऑफ चायना १९११ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढली आणि संपली. एम्प्रेस ऑफ जपान महायुद्धाच्या सुरुवातीला तोफा चढवून नौदलाच्या कामाला गेली. अनुदानाच्या करारात तशी अटच होती. मग परत येऊन आणखी काही वर्षं प्रवासी वाहिले आणि १९२६ मध्ये व्हँकुव्हरला मोडीत निघाली. तिच्या नाळेवरचा लाकडी ड्रॅगन मात्र त्या शहराने जपून ठेवला. स्टॅनली पार्कमध्ये समुद्राकडे तोंड करून त्याची प्रतिकृती आजही उभी आहे. सारख्या तीन बोटींतल्या एकीची ओळख एका गावाने अशी जतन केली.

आपली एम्प्रेस ऑफ इंडिया १९०३ मध्ये एका चिनी युद्धनौकेला धडकली. ती युद्धनौका बुडाली, ही वाचली. १९१३ मध्ये कंपनीने ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ आणि ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ या जुळ्या, मोठ्या आणि वेगवान बोटी आणल्या. ताफ्यात नव्या बहिणी आल्या की जुन्या बोटीची चाल वेळापत्रकात बसेनाशी होते. म्हणजे जो नियम तिला जन्म देताना लागू झाला त्याच नियमाने तिला बाहेर काढलं. तेवीस वर्षांची झालेली ही बोट विकायला निघाली.

ग्वाल्हेर दरबारी

इथे माधवराव महाराज शिंदे (१८७६–१९२५) येतात. महाराजांना यंत्रांचं वेड किती होतं ते आपल्याला सांगायला नको. जयविलासच्या मेजवानीच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी पाहुण्यांना आपण कौतुकाने दाखवतो. छोट्या रुळांची रेल्वेही त्यांच्याच हौसेची. पण बोटीचा संबंध हौसेपुरता नव्हता. चीनच्या मोहिमेत (१९००–०१) महाराज स्वतः गेले होते आणि जखमींसाठी स्वखर्चाने एक रुग्णालय-बोट दिली होती. त्यामुळे महायुद्ध सुरू झालं तेव्हा पुन्हा बोट द्यावी हे त्यांना सुचणं स्वाभाविक होतं. १९१४ च्या अखेरीस एम्प्रेस ऑफ इंडिया विकत घेतली गेली आणि जानेवारी १९१५ मध्ये तिचं नाव ‘लॉयल्टी’ झालं. इतर संस्थानिकांनीही या कामाला हातभार लावला. नावातली निष्ठा ब्रिटिश सरकारवरची होती, हे आज वाचताना थोडं टोचतं. पण काळ तो होता आणि नाव ते होतं. लपवण्यात अर्थ नाही.

रुग्णालय-बोटीला आतून सगळं बदलावं लागतं. जिथे श्रीमंत प्रवासी पत्ते खेळत होते तिथे खाटा लागतात, जेवणघराच्या जागी शस्त्रक्रियेची सोय होते. एवढं झाल्यावर ती बहिणींसारखी राहिली का? बाहेरून बऱ्याच अंशी हो, आतून मुळीच नाही. मला वाटतं, बोटीचा चेहरा साच्यातून येतच नाही. तो तिच्यावर झालेल्या कामातून येतो.

एकट्या बोटीची अडचण

युद्ध संपलं आणि लॉयल्टी पुन्हा विक्रीला निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना ही बातमी रेल्वेच्या प्रवासात कळली, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांना बरोबर घेऊन त्यांनी बोट घेतली आणि कंपनी काढली. नाव ठेवलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. शिंद्यांचं नाव असं समुद्रावर गेलं. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीची आगबोट, हिंदी कंपनीचा झेंडा, आणि मार्ग तो ज्यावर इंग्रज कंपन्या स्वतःचा हक्क मानत होत्या. त्या दिवसाचं महत्त्व मोठंच आहे.

पण महत्त्व एक आणि धंदा दुसरा. मघाचा हिशेब आठवा. लंडनला जाऊन यायला काही महिने. तेवढ्यात मुंबईच्या धक्क्यावर दुसऱ्या आठवड्याला येणाऱ्या प्रवाशाने काय करायचं? समोर पी अँड ओच्या बोटी नेमाने सुटत होत्या. एक गेली की दुसरी हजर. लॉयल्टी गेली की ती परत येईपर्यंत काहीच नाही. बोट अठ्ठावीस वर्षांची, कोळसा खाणारी, वारंवार दुरुस्ती मागणारी. शिवाय इंग्रज कंपन्यांचा विरोध आणि दरांची चढाओढ. लॉयल्टी दिसायला देखणी होती, तिच्यासारखी दुसरी मुंबईत नव्हती, आणि नेमकी तीच तिची कमजोरी होती. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली. त्याच वर्षी पी अँड ओचे आणि ब्रिटिश इंडियाचे सूत्रधार लॉर्ड इंचकेप यांच्याशी सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला आणि कंपनी मुख्यतः किनाऱ्यावरच्या व्यापारापुरती बांधली गेली.

मला यातून जे दिसतं ते असं. एका वेगळ्या बोटीने इतिहास घडतो, पण मार्ग टिकवायला तिच्यासारख्या आणखी दोन लागतात. सिंदियाने हे ओळखलं असावं. पुढच्या बोटींची नावं बघा : जलदूत, जलवीर, जलज्योती. सगळ्या ‘जल’ घराण्यातल्या. विशाखापट्टणमला कंपनीच्या गोदीत बांधलेल्या ज्या बोटीचं जलावतरण १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते झालं तीही ‘जलउषा’. आणि स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या मार्गावर पुन्हा प्रवासी बोटी घालायची वेळ आली तेव्हा ‘जलआझाद’च्या जोडीला ‘जलजवाहर’ होती.

इंचकेपांच्या घरातला उलटा धडा

याची दुसरी बाजू गंमत म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरात सापडते. पी अँड ओने १९२५ साली मुंबईच्या मार्गासाठी चार बहिणी आणल्या : रांची, रणपुरा, रावळपिंडी आणि राजपुताना. गांधीजी १९३१ च्या ऑगस्टअखेर गोलमेज परिषदेला गेले ते राजपुतानाने. त्या आठवड्यात तिच्या जागी रांची असती तर त्यांच्या प्रवासात काही फरक पडला नसता. नेमाची सेवा म्हणतात ती हीच.

पण १९२९ मध्ये त्याच कंपनीने ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ काढली, तिला बहीणच नव्हती. वाफेच्या चक्रांनी वीज करायची आणि विजेवर बोट चालवायची, त्यामुळे थरथर आणि आवाज कमी. पोहण्याचा तलाव आत. पहिल्या वर्गात प्रत्येकाला स्वतंत्र खोली. अंतर्भागाची सजावट इंचकेपांची कन्या एल्सी मॅके हिने केली होती. बोट तयार होण्याआधीच, १९२८ मध्ये, अटलांटिक ओलांडायच्या विमानप्रयत्नात ती नाहीशी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ऑक्टोबर १९३० मध्ये मुंबईहून निघाले ते याच बोटीने. ही बोट मुंबईच्या मार्गावर चालायचीच, पण हंगाम नसताना कंपनी तिला सहलीला काढायची, आणि सहलीसाठी तिला मागणी असायची. नेमाला चार सारख्या, सहलीला एक वेगळी. एकाच कंपनीने आमच्या बैठकीतल्या काकांचं आणि वहिनींचं, दोघांचंही म्हणणं मान्य केलं होतं.

आजचा तोडगा

विमानं आली आणि नेमाच्या प्रवासी बोटी संपल्या. उरल्या सहलीच्या. मग बोटी वेगवेगळ्या व्हायला हव्या होत्या. झालं उलटं. रॉयल कॅरिबियनने १९७० ते १९७२ मध्ये ‘साँग ऑफ नॉर्वे’, ‘नॉर्डिक प्रिन्स’ आणि ‘सन व्हायकिंग’ ही एकाच वळणाची त्रयी आणली. कार्निव्हलने १९९० ते १९९८ या काळात ‘फँटसी’ जातीच्या आठ बोटी एकाच आराखड्यावर बांधल्या. कारण साधं आहे. आराखड्याचा खर्च आठांत वाटला जातो आणि गोदीतल्या कामगारांचा हात बसतो. प्रवाशाला कंटाळा येऊ नये म्हणून जो फार्कस या वास्तुशिल्पकाराने प्रत्येक बोटीला आतून वेगळी कल्पना, वेगळे रंग दिले. सांगाडा एक, पेहराव आठ.

आपल्याला हे समजायला ग्वाल्हेरच्या बाहेर जायला नको. आपल्या घराण्याची गायकी घ्या. बंदिश तीच, मांडणीची रीत तीच, पण दोन बुवा गायला बसले की ऐकणाऱ्याला डोळे मिटूनही कळतं कोण गातंय. रीत सारखी असते म्हणूनच तो फरक ऐकू येतो. फार्कसच्या बोटींत रीत आहे, फक्त तिथला फरक पडद्यांचा आणि रंगांचा. वर्षानुवर्षं काम करून, माणसं वाहून, संकटातून निघून जो फरक पडतो तो कुणी आधी ठरवून बांधू शकत नाही.

मग फोटोचं काय?

काकांचा प्रश्न शिल्लक आहे. बोट तीच असेल तर फोटो बहिणीचा असल्याने काय बिघडतं?

तिकीट काढणाऱ्याचं काही बिघडत नाही. इतिहास लिहिणाऱ्याचं बिघडतं. एम्प्रेस ऑफ जपानवर ग्वाल्हेरच्या पैशाने कधी खाटा लागल्या नाहीत. तिच्यावर जखमी शिपाई मुंबईला आले नाहीत. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईत नव्हती. तिच्या कथेत तोफा आहेत, पॅसिफिक आहे आणि व्हँकुव्हरचा ड्रॅगन आहे. ती तिची तिला राहू द्यावी. आपण बहिणीचा फोटो लावून लॉयल्टीचं नाव लिहितो तेव्हा दोघींवर अन्याय करतो. आणि उद्या कुणी बाहेरचा अभ्यासक आपली चूक दाखवील तेव्हा तो फोटोबरोबर आपल्या खऱ्या गोष्टीवरही शंका घेईल. आपली गोष्ट खरी आहे, म्हणूनच तिच्याजवळ खोटा कागद नको.

तेव्हा वाचकांना विनंती. लॉयल्टीचा म्हणून फोटो हाती आला तर तीन गोष्टी बघा. पहिली, नाळेजवळ किंवा मागच्या बाजूला नाव वाचता येतं का. दुसरी, तारीख : १९१५ च्या आधीचा असेल तर ती अजून एम्प्रेस ऑफ इंडिया आहे, आणि तसंच लिहावं, १९२३ नंतरचा असेल तर ती लॉयल्टी असूच शकत नाही. तिसरी, स्थळ : व्हँकुव्हरच्या धक्क्यावर एम्प्रेस ऑफ इंडियाही असू शकते आणि बहिणीही, पण लॉयल्टी नाही. ज्यांच्या घरी दरबारच्या नोकरीतले आजोबा-पणजोबा होते त्यांनी जुन्या पेट्यांतली युद्धकाळातली पत्रं आणि छायाचित्रं एकदा चाळावीत. मागे काही लिहिलेलं असेल तर ते पुसू नये. त्याचीही प्रत काढून मंडळाकडे द्यावी.

पुढच्या ५ एप्रिलला फोटो पाठवायचा असेल तर खाली फक्त एवढं लिहा : एम्प्रेस ऑफ जपान, लॉयल्टीची बहीण. काकांनाही हे पटलं आहे. ते म्हणाले, “बहीण म्हणून पाठवायला माझी काही हरकत नाही.”